शिंगाच्या मुठीचा चाकू

दाजी कधी कुणाच्या हातात चाकू देत नसत. चाकू हातात दिला की वैर येते, असे आमच्याकडे सगळेच म्हणतात; पाळतो कोण? दाजी पाळत. चाकू जमिनीवर ठेवायचे, थोडे मागे सरकायचे आणि म्हणायचे, "उचला आता."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, माईचे यजमान. वाशीमला एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. नाद एकच, घडीच्या चाकूंचा. साधा एका पात्याचा चाकू त्यांना चाकू वाटतच नसे. एकाच मुठीत पाते, पेचकस, टोच्यासारखी अणकुचीदार आरी, चिमटा, असा पोटात संसार घेतलेले चाकू ते शिरपूरच्या यात्रेतून, लढाईवरून परतलेल्या शिपायांकडून, कुठून कुठून मिळवत.

आमच्या किन्हीराजाला आले की जेवणानंतर ओट्यावर घोंगडी अंथरून ते सगळे मांडत. एकच बाभळीची काडी प्रत्येक पात्याने तासून बघायची, काप बोटाने चाचपायचा, मग पाते मिटताना खटका कानाशी धरून ऐकायचा. "नाना, पातं कोनीबी घासून देते," ते मला म्हणत, "खटका पाहावा. मिटतानी बोलला पाह्यजे."

एकदा मी अकोल्याहून बारा अवजारांचा जाडजूड चाकू आणला. दाजींनी तो उलटासुलटा केला आणि माईला हाक मारली, "ऐकलं काय? तुह्या भावानं चाकू नाही, वरात आनली. बारा जन हायेत, अन् कामाचा एकही नाही. नानावरच गेला!"

"अन् तुमी कोनावर गेले?" माई आतून म्हणाली.

त्यांचा स्वतःचा लाडका चाकू शिंगाच्या मुठीचा होता. पाते, आरी आणि चिमटा, बस. गावातले कितीतरी काटे त्याने निघाले. बैलाच्या खुरातला खडा काढायला मात्र दुसरा चाकू. "जनावराचा येगळा, मानसाचा येगळा," हा त्यांचा कायदा. आणि आरी दिव्यावर लाल केल्याशिवाय ते कुणाच्या पायाला हात लावत नसत.

कापूस वेचणीला माई माहेरी आली होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिच्या टाचेत काटा मोडला. दाजी तिला न्यायला आले तेव्हा पाय सुजला होता. आई चुलीपाशी होती. माई मला हळूच म्हणाली, "नाना, दवाखान्यात जाऊ काय?" मी म्हणालो, "दवाखाना कायले? दाजी हायेत ना घरात." दिवेलागण झाली होती. रॉकेलची चिमणी मी धरली. दाजींनी आरी लाल केली, निवू दिली, काटा अलगद काढला. पुढे काही दिवसांतच माईला धनुर्वात झाला आणि ती गेली.

तेरवीला, सगळ्या सोयऱ्यांसमोर, आईने विचारले, "जवाईबुवा, चाकू तापवला होता काय?"

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी नुसते हो म्हणालो असतो तरी पुरले असते. पण मग दवाखाना नको कोण म्हणाले, हेही विचारले गेले असते. मी खाली पाहिले. सगळ्यांनी त्यातून काय घ्यायचे ते घेतले.

पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दाजी आले. शिंगाच्या मुठीचा चाकू त्यांनी उघडून ओट्यावर ठेवला आणि मागे सरकले.

"उचल, नाना."

"आमच्या घरात नको तो," मी म्हणालो.

मग त्यांनीच तो उचलला आणि अंगठ्याने दाबून धरत, आवाज न होऊ देता मिटला. पुन्हा ते आमच्या गावी आले नाहीत. बाकीचे चाकू त्यांनी वाटून टाकल्याचे कानावर आले.

यंदा दाजी वारले. माझा भाचा, माईचा मुलगा बापू, तो चाकू घेऊन आला आणि सरळ माझ्या हातात देऊ लागला. मी म्हटले, "खाली ठेव." त्याने ठेवला. मी वाकून उचलला, उघडला, मिटला. खटका बोलला.

"बापू," मी म्हणालो, "त्या दिवशी चिमणी मी धरली होती. आरी लाल झालती. दवाखाना नको, तेही मीच म्हनलं होतं."

"मले ठाव हाये, मामा," तो म्हणाला. "बाबा म्हनत, नाना एक दिवस सोताच सांगन."

जिला सांगायचे होते ती आई केव्हाच गेली होती. शेवटपर्यंत तिने जावयाचे नाव तोंडावर येऊ दिले नाही.