बाजेखालचे निखारे

या थंडीत लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली. आमच्याकडं बाळंतिणीला शेक देतात. घमेल्यात निखारे घ्यायचे, त्यावर ओवा टाकायचा, घमेलं बाजेखाली ठेवायचं आणि वर बाळंतिणीनं निजायचं. बाजेच्या विणीतून पाठीला ऊब लागते.

आमचं जुनं घर टिनाचं होतं. भिंत आणि टिनाच्या मधल्या फटीतून धूर आपोआप निघून जायचा. आता घरकुलाची खोली आहे, वर स्लॅब. भिंतीत वरती एक झरोका आहे, तो मोठ्या जाऊबाईंनी पोत्यानं बुजवला. दाराखालीही जुनं लुगडं कोंबलं.

"बाळंतिणीले वारा लागू द्याचा नाही," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांच्यासमोर माझा आवाज निघत नाही.

लेकरू झाल्यावर एका सकाळी शेक देताना मी लेकीजवळ बसले होते. ओव्याचा धूर सरळ वर गेला, स्लॅबखाली पसरला आणि गार भिंतींच्या कडेनं परत खाली बाजेवर आला. शिजत्या भाताचे दाणे मधून वर येतात आणि कडेनं खाली जातात, तसा तोच धूर खोलीत फिरत होता.

"मा, डोकं लय जड झालं. गरगरून राह्यलं," लेक म्हणाली. तिनं लेकराला पाजायला घेतलं, तर ते तोंड लावेना. त्याचे हातपाय ढिले पडले होते.

मी दार उघडलं. पायाशी गार हवा आली, पण वरचा धूर हलेना. मग स्टुलावर चढून झरोक्यातलं पोतं ओढलं. गरम हवेला वर वाट मिळाली, तेव्हा कुठं खालून गार हवा जोरानं आत शिरली आणि धूर बाहेर जाऊ लागला.

जाऊबाई दारात आल्या. "काऊन वं, लेकराले गारठ्यात मारतं काय?"

"धूर कोंडला, बाई."

"माह्ये सारे लेकरं याच शेकावर वाढले. तुले चौथीच्या शाळेनं आता अक्कल देल्ली काय?"

"तवा टीन होतं, बाई," मी म्हणाले आणि घमेलं उचलून अंगणात नेलं.

बऱ्याच वेळानं लेकरू रडलं, मग प्यालं. लेकीचं डोकं दुपारपर्यंत दुखत होतं.

जाऊबाईंना ते पटलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायकांना त्या झरोका दाखवून सांगतात, "हिनंच उघडला." काल लेकराला शिंका आल्या. जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी लेकराच्या छातीवर हात ठेवून ऊब पाहिली. झरोका मात्र बुजवला नाही.