तक्त्यावरची आत्या

माझी आत्या दिवाळीत शेणाच्या गवळणी मांडते. मांडायची, असं लिहायला पाहिजे, पण हात धजत नाही. पुणतांब्याला तिचं घर आहे. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत रोज सकाळी गोठ्यातलं ताजं शेण घेऊन ती अंगणात बसायची आणि बघता बघता गोकुळ उभं करायची. दही घुसळणारी गवळण, पाण्याला निघालेली गवळण, गाईगुरं, गोठा, कोपऱ्यात तो पेंद्या. डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या खोचायच्या, हळदकुंकू वाहायचं. दुसऱ्या दिवशी कालचं उचलायचं आणि पुन्हा नवं. लहानपणी मला त्या शेणाची किळस यायची आणि आत्या मुद्दाम माझ्या नाकाला बोट लावायची.

मी नगरच्या कॉलेजात डिझाईन शिकत होते, घर केडगावला. शेवटच्या वर्षाला एका ॲपचा प्रकल्प होता. ॲप बनवायचं नव्हतं, नुसतं आखायचं होतं: ते कुणासाठी, कशासाठी, कुठलं बटण दाबलं की काय उघडणार. माझ्या ॲपचं नाव ‘अंगण’. गावोगावच्या बायांनी आपापल्या रांगोळ्या, गोधड्या, गवळणी त्यावर टाकायच्या, एकमेकींच्या बघायच्या, शिकायच्या. आता लिहितानाही कल्पना वाईट वाटत नाही, हेच तर दुखणं आहे!

अशा कामात आधी एक माणूस कागदावर उभा करावा लागतो. आम्ही त्याला पर्सोना म्हणतो. वर फोटो, खाली वय, दिवस कसा जातो, अडचण काय, आणि मधोमध मोठ्या अक्षरात त्याच्या तोंडचं एक वाक्य. ज्या माणसासाठी ॲप करायचं, त्याचा हा तक्ता. मी हुशार! घरी पंख्याखाली बसून एक बाई रचली आणि नेऊन दाखवली. मॅडमनी कागद नुसता माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "ही बाई कुठे राहते? तिच्या हाताला वास कसला येतो? खरं माणूस आण. वाक्यसुद्धा तिचंच, तिच्याच भाषेत. तू साफसूफ करायचं नाही."

नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच दिवाळीत श्रीरामपूरपर्यंत एसटी आणि पुढे जीप करून आत्याकडे गेले. पाच दिवस राहिले. आत्याला काय आनंद! भाची एवढे दिवस कधी राहिली नव्हती. मला मात्र प्रश्नांची यादी संपवायची होती. ती म्हणायची, "ये, हात घाल." मी म्हणायचे, "थांब ना आत्या, आधी तू बोल." फोन पाटावर ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचे. एकदा तरी हात घातला असता तर काय बिघडणार होतं माझं?

पाडव्याच्या सकाळी ती बोलली. दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, मळ्यात गेला होता, वहिनी माहेरी निघाली होती. आत्या गवळणीचा हंडा वळत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, "ह्ये पाच दिस तेवढं अंगन माझं असतं. बाकी वरीसभर मी ह्या घरात पाव्हनीच हाय."

मग हात थांबला तिचा. सून वाईट नाही, म्हणाली. मारत नाही, टाकून बोलत नाही. पण भाजी कुठली करायची हे सासूला विचारायचं असतं, हेच तिला ठाऊक नाही. चुलीपासून कधी उठवलं ते कळलंसुद्धा नाही. एवढं बोलून तिने फोनकडे मान वळवली. "ह्ये कुटं जात न्हाई ना गं?"

"छे गं! अभ्यासासाठी आहे फक्त."

खरं सांगू? त्या क्षणी मला तिचं वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. वाक्य मिळालं! तीन-चार महिने ज्याच्यासाठी वर्गातली पोरं वणवण करत होती, ते माझ्या पुढ्यात आयतं येऊन पडलं होतं. पुढे ती काय काय बोलली ते मी नीट ऐकलंही नाही, नंतर रेकॉर्डिंगमध्येच ऐकलं.

तक्ता झकास झाला. नाव मी बदललं. गावही काढून टाकलं. नाव बदललं की माणूस झाकला जातो, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मला ते पटलं होतं. चेहरा नको म्हणून नुसत्या हातांचा फोटो लावला, शेणाने माखलेले, मनगटावर गोंदण. मॅडम म्हणाल्या, "आता कसं!" त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होते.

उन्हाळ्यात कॉलेजात प्रदर्शन भरलं. बाहेरचे परीक्षक येणार होते. आणि मी काय केलं, तर आत्याला फोन लावला. "आत्या, तुझे हात भिंतीवर लावलेत, चांगले दोन हात मोठे. बघायला ये." तिला वाचायला वेळ लागतो, म्हणून ती फोटो बघेल आणि खूश होऊन जाईल असं मी धरूनच चालले होते. सोबत वहिनी येईल, हे तर ध्यानीमनीही नव्हतं.

दादाला तसंही नगरला काम होतं. तो दोघींना गेटवर सोडून गेला. आत्या ठेवणीतली हिरवी साडी नेसून आलेली. वहिनीने माझ्यासाठी घरचे पापड आणले होते. आत्याने भिंतीवर स्वतःचे हात बघितले आणि पदर तोंडाला लावून अशी हसली! शेजारच्या मुलीला म्हणते, "माझंच हायेत ह्ये." मग मान वर करकरून अक्षरं बघू लागली. मी म्हटलं, "चल आत्या, चहा घेऊ आधी." तर म्हणे, "थांब की." आणि वहिनीला म्हणाली, "वाच की गं, काय लिवलंय माझ्याबद्दल."

वहिनी वाचू लागली. शाळेत धडा वाचतात तशी, स्पष्ट, जरा मोठ्याने. वय. सकाळी किती वाजता उठते. फोन कुठला. मग मधलं वाक्य आलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. ‘पाव्हनीच हाय.’ मग पापडाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

आत्या म्हणाली, "म्या न्हाई आसं बोलले."

माझ्याकडे बघून म्हणाली. मला ती नजर लगेच कळली. मी रचलंय, एवढंच मी म्हणायचं होतं. ‘वहिनी, ते माझ्या मनाचं आहे.’ पाच शब्द. पण परीक्षक नेमके तिथेच उभे होते. त्यांना काय ठाऊक ही बाई कोण! त्यांनी विचारलं, "वाक्य जबरदस्त आहे. खरंच बोलल्यात का त्या?"

मी म्हटलं, "हो सर. रेकॉर्डिंग आहे."

मला कुणी धाक घातला नव्हता. खोटं ठरलं असतं तर फार तर चार मार्क गेले असते. मी वर्गात पहिली आले. आई पेढे वाटत होती तेव्हा मी आतल्या खोलीत पोट दुखतंय म्हणून पडून होते. ‘अंगण’ पुढे कुणी बनवलं नाही, मीही नाही. ते तक्ते कॉलेजच्या कुठल्या कपाटात असतील, की रद्दीत गेले असतील, देव जाणे.

त्या दिवसानंतर आत्याचा फोन आला नाही. मी केला की ‘बरं हाय’ म्हणून ठेवायची. दिवाळीत न राहवून गेले. अंगण सारवलेलं होतं, रांगोळी होती, गवळणी नव्हत्या. वहिनीने चहा दिला, चकली दिली, नोकरीचं विचारलं. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. आत्या ओट्यावर बसली होती.

"आत्या, गवळणी?"

"न्हाई जमल्या. गुडघं दुखत्यात."

"आत्या, माझं चुकलं गं."

"व्हय," ती म्हणाली. रागाने नाही. मग आत स्वयंपाकघरात भांडं वाजलं, तिने तिकडे कान दिला आणि मला विचारलं, "फोन आनलाय का?"

"आणलाय, पण बंद आहे. शपथ."

"चालू कर. तसा करायचीस ना, तसा."

मी केला. तिने पदर नीट घेतला, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे केलं आणि आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "माझी सून लई गुनाची हाय. मला ह्या घरात कशाची म्हून कमी न्हाई. मी लई सुखात हाय."

आतला आवाज थांबला होता. मग आत्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आता ह्ये लाव त्या भिंतीवर. त्येच्यापेक्षा मोट्या अक्षरात."

मी लावते म्हटलं. कॉलेज संपून सहा महिने झाले होते.