चिनी मास्तरांचा मुलगा

बायको गेल्यावर मी पुस्तकं वाचायला लागलो. पुण्याची लेक अधूनमधून पार्सल पाठवायची. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दिवाळी उरकली आणि आमची सगळी गल्ली ऊसतोडीला गेली. घरांना कुलपं, ओट्यांवर मागं राहिलेली दोन-चार म्हातारी माणसं. टँकर आला की तेवढा गलका, मग दिवसभर कुणाचा आवाज नाही. तशात ते पुस्तक आलं. एका चिनी माणसानं आपल्या वडिलांविषयी लिहिलेलं, मराठीत केलेलं.

चीनशी आपला काय संबंध, असं म्हणतच उघडलं. वडील खेड्यातले मास्तर. क्रांती झाली तेव्हा ते गावोगाव पायी फिरून सांगत, जमिनी एकत्र करा, बैल एकत्र करा, एकटा माणूस तगायचा नाही. मला आमचे अण्णा आठवले. माझे वडील. त्यांनीही दारोदार फिरून गावात सहकारी दूध संस्था उभी केली होती. उमापूरच्या बाजाराला दूध घेऊन निघालेल्या माणसाला रस्त्यात अडवून म्हणायचे, "एकट्याच्या चरवीला कोण इचारतंय? समद्यांचं मिळून कॅन भरू, गाडी दारात येईल." आणि खरंच गाडी येऊ लागली.

पुस्तकात पुढं वारं फिरलं. ज्यांना मास्तरांनी एकत्र आणलं होतं त्यांनीच एक दिवस त्यांच्या गळ्यात पाटी अडकवून त्यांना चौकात उभं केलं. चौदा वर्षांचा मुलगा गर्दीत होता. सगळ्यांबरोबर त्यानंही बापाविरुद्ध घोषणा दिल्या. घरी आल्यावर बाप त्याला एवढंच म्हणाला, "घसा बसला असेल तुझा. गरम पाणी पी."

तिथं मी पुस्तक मिटलं. आठ दिवस हात लावला नाही.

मी काही चौदा वर्षांचा नव्हतो. चांगला लग्न झालेला बाप्या होतो, संस्थेतच दुधाचं फॅट तपासायच्या नोकरीला. तेव्हाही दुष्काळच होता. संस्थेच्या छावणीत चारा आला आणि अण्णांनी ठरवलं, ज्याच्या दारात एकच म्हैस त्याला आधी. गावच्या पुढाऱ्यांना ते रुचलं नाही. अण्णांना अध्यक्षपदावरून काढायला त्यांनी सभा बोलावली. आदल्या दिवशी मला गाठून ते म्हणाले, "बाप म्हातारा झालाय तुझा. तू शाना हायेस. नोकरीचं बघ."

सभा मारुतीच्या पारावर भरली. ठरावाच्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करायचे होते. मी केला. अध्यक्ष अजून अण्णाच होते, म्हणून हात मोजायचं कामही त्यांच्याकडंच. ते उठून उभे राहिले आणि बोटानं एकेक हात मोजू लागले. बोट माझ्यावर आलं. मला वाटलं, थांबेल. थांबलं नाही. मला मोजून शेजारच्यावर गेलं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "म्हशीला पाणी दावलं का रं?"

मी म्हणालो, "दावलं."

अध्यक्षपद गेल्यावरही अण्णा पुष्कळ वर्षं जगले. माझी नोकरीही टिकली.

नवव्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडलं आणि एका बैठकीत संपवलं. शेवटाकडं तो मुलगा, आता स्वतःच केस पिकलेला, बापाला विचारतो, "त्या दिवशी तुम्ही मला पाहिलं होतं का?" बाप म्हणतो, "पाहिलं होतं. उन्हात उभा होतास." मग दोघं कितीतरी वेळ बोलत बसतात. ती पानं मी दोनदा वाचली. अण्णांना विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं.

दुपारी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. आजोबा म्हणजे तिचा जीव की प्राण.

मग तिनं विचारलं, "आजोबा नंतर बोलायचे तुमच्याशी?"

"बोलायचे की. पावसाचं, म्हशीचं, तुझ्या शाळेचं. त्या दिवसाचं सोडून समदं."

"मला आधी कावून न्हाई सांगितलं, बाबा?" पुण्यात इतकी वर्षं काढूनही तिच्या तोंडी गावची बोली आली.

"तुला आजोबा लई आवडायचे. मी बी आवडावा वाटायचं."

"ठेवते. कुकर लावलाय," ती म्हणाली.

चार दिवस फोन आला नाही. त्या चार दिवसांत मी समोरच्या म्हातारीशी दोन शब्द बोललो असेन, तेवढेच. पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. गुडघा कसा आहे, जेवण काय केलं, टँकर येतो का, सगळं विचारलं. त्या सभेचं काही काढलं नाही. मीही काढलं नाही.

"टँकर येतो," मी म्हणालो. "एक दिवसाआड येतो."