तसबिरीखालची ओळ

ऑस्ट्रेलियातल्या सहा माणसांना मी पेठ तालुक्याचे रहिवासी करून टाकलं. फोटो छापून फ्रेम करून देणं हा माझा धंदा, पंचवटीत दुकान, अनुभव भरपूर. तरी केलं.

गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टच्या मालकांना लॉबीत लावायला 'आपल्या मातीतली' चित्रं हवी होती. "जुनी पाहिजेत, तपकिरी, आणि जरा उदास," अशी ऑर्डर. मी इंटरनेट धुंडाळलं. कुठल्याशा परदेशी ग्रंथालयात दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं सापडली, तीही फुकट. सावळी माणसं, छातीवर पांढरे पट्टे, एक बाई पाठीला मूल बांधलेली, एकाच्या अंगात गोऱ्या शिपायाचा जुना कोट आणि गळ्यात पितळेची चंद्रकोर. चंद्रकोर बघून तर माझी खात्रीच पटली की ही आपलीच मंडळी. प्रत्येक चित्राखाली इंग्रजीत एक बारीक ओळ होती. फ्रेमच्या मापात बसेना म्हणून कापली. वाचायची राहिली.

फ्रेमा तयार झाल्या आणि बाई दुकानात आल्या.

बाई म्हणजे मागच्या गल्लीत राहणाऱ्या, आश्रमशाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. पेठकडच्या, कोकणा आदिवासी समाजाच्या. कुठलीही वस्तू हात लांब करून धरायच्या आणि विचारायच्या, "कोणी केलंय हे?" मांजरानं घरात घाण केली की तुम्हीआम्ही ज्या सुरात विचारतो, त्या सुरात. माझं काम त्यांना कधी आवडलं नाही आणि मला त्या आवडत नव्हत्या. दुकान जवळ म्हणून त्या यायच्या. नाही म्हणायची हिंमत नाही म्हणून मी काम घ्यायचो.

एकदा त्यांनी शाळेचा जुना ग्रुप फोटो मोठा करायला आणला. खाली प्रत्येक मुलाचं नाव टाकायचं होतं. जागा पुरेना. मी पहिल्या रांगेची नावं टाकली आणि पुढे 'व इतर विद्यार्थी' लिहून मोकळा झालो.

"इतर कोण?" बाईंनी विचारलं.

"बाकीची मुलं, बाई. एवढी नावं वाचणार कोण?"

"ज्याचं आहे तो. 'इतर' नावाचा एकही मुलगा माझ्या शाळेत नव्हता."

फोटो पुन्हा छापला. त्यात दोन मुलांच्या नावांची अदलाबदल झाली, ते प्रकरण वेगळं.

तर त्या दिवशी सहा फ्रेमा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. बाई कोटवाल्यासमोर थांबल्या.

"हा कोण?"

"आपलेच आदिवासी."

"कुठले?"

"पेठ साइडचे."

"मी पेठची. गाव कुठलं?"

"असेल आतल्या भागातलं."

"आतला म्हणजे? पोटातला? मूळ चित्र दाखवा."

मी कॉम्प्युटरवर मूळ चित्र उघडलं. बाईंनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून ती बारीक ओळ वाचली. माणसाचं नाव. ऑस्ट्रेलियातल्या गावाचं नाव. चंद्रकोर हा दागिना नव्हताच, गोऱ्या साहेबानं अडकवलेला बिल्ला होता. मग उरलेली पाचही उघडायला लावली. सहाही जणांना नाव होतं.

"नावं होती," बाई म्हणाल्या, "आणि तू कापलीस."

इतकी वर्षं मी 'तुम्ही' होतो.

चूक मान्य करून गप्प बसणारा माणूस मी नव्हे. म्हटलं, "पण बाई, ही कुठली कोण माणसं! तुमची काय लागतात?"

"माझा बाप कॅलेंडरवर छापला होता," बाई म्हणाल्या. "कोणीतरी मोटारीतून आले, फोटो काढून गेले. खाली काय लिहिलं? 'आदिवासी वृद्ध'. बाप चाळिशीचा होता. मार्च महिन्यावर होता. मार्च संपला, लोकांनी फाडला."

वडिलांचा दुसरा फोटो त्यांच्याकडे नव्हता. तो कॅलेंडरचा कागदही राहिला नव्हता. मला वाटलं, आता रडतील. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पाणी नको. नावं लाव."

तेवढ्यात रिसॉर्टचे मालक आले. बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. ते हसले. "मॅडम, डेकोरेशन आहे हो. खाली नावं टाकली तर शोकसभा वाटेल."

"तुमच्या आजोबांचा फोटो आणा," बाई म्हणाल्या. "माझ्या संडासाबाहेर लावते. डेकोरेशन."

मालकांचं हसू गेलं. संध्याकाळी माणूस पाठवतो, फ्रेमा आहेत तशाच पाहिजेत, असं मला बजावून ते निघाले. बाईंनीही बजावलं. मी दोघांनाही 'हो' म्हटलं.

मग मी सहा नावांच्या पट्ट्या छापल्या आणि फ्रेमांच्या पाठीमागे चिकटवल्या. नावं लावली म्हणजे लावली! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन एक चहा जास्तीचा मागवला.

आठवड्यानं मालकांचा फोन. "अहो, ती तुमची मॅडम! गिऱ्हाईक म्हणून आली, चहा घेतला, एक फ्रेम उचकटून मागं बघितलं आणि सगळ्या उलट्या लावून गेली. लॉबीत नुसते पुठ्ठे लटकतायत!"

धावत गेलो. खरंच सहा पुठ्ठे, प्रत्येकावर ठळक नाव, आणि एक पाहुणा वाकून ती नावं वाचत होता. मालकांनी सगळ्या फ्रेमा माझ्या गळ्यात मारल्या.

मी त्या घरी... म्हणजे दुकानात आणल्या, पट्ट्या पुढच्या बाजूला लावल्या आणि बाईंना येता-जाता दिसतील अशा काचेत मांडल्या. बाईंनी जायचा रस्ता बदलला. कधी भाजीबाजारात समोर आल्या तर मी नमस्कार करायचो. त्या माझ्यातून आरपार पलीकडची मेथी बघायच्या.

गेल्या थंडीत बाई गेल्या. मी भेटायला घरी गेलो. त्यांची भाची पेठहून आली होती. भिंतीवर बाईंचा फोटो होता आणि खाली चांगल्या जाड अक्षरांत पूर्ण नाव, त्यात वडिलांचं नाव, मग गाव, मग पाडा. वडिलांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं. बराच वेळ बघत राहिलो. फोटो मात्र फ्रेममध्ये तिरका बसवला होता. धंद्याची खोड जात नाही. भाचीला म्हटलं, "जरा वाकडा बसलाय. माझ्याकडे आणायचा की."

भाचीनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

"आत्याच सांगून गेली व्हती," ती म्हणाली. "वाकडा बसला तरी चालंल, पण त्या माणसाकडं नाय द्यायचा."