गुरुवारचं आभाळ

गुरुवारी चाकणच्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून विजेच्या लाईनची दुरुस्तीही त्याच दिवशी काढतात. एकदा ती अंधार पडला तरी संपेना. आठवड्यातली एकच सुट्टी आणि कुरुळीतल्या माझ्या खोलीत पंखा बंद! शिव्या घालतच गच्चीवर गेलो. घरमालकीण मावशी वर बघत बसल्या होत्या. एरवी कंपन्यांच्या उजेडात बुडणाऱ्या चांदण्या आभाळभर दिसत होत्या.

"तितं बी कुनी ऱ्हात आसंल का रं?" त्यांनी विचारलं.

"असते तर एव्हाना आपण दिसलो नसतो त्यांना?" मी खेकसलो.

"त्येंच्याकडं बी लायटी आसतील की. जाऊ दे एकदा त्येंची लाईट, मग दिसू आपन."

पुढच्या गुरुवारी अंधार पडायच्या आतच लाईट आली. मी गच्चीवर उभा राहून पुन्हा शिव्या घातल्या.