तिकिटाच्या मागचं नाव

तिकीट मी काढलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे दहा-बारा दिवस आमच्या घरात ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

उमरग्याला माझी थोरली बहीण दिलेली आहे. दिवाळीच्या आधी तिला भेटून परत निघाले, तर बसवकल्याणची गाडी लागायला उशीर होता. स्टँडबाहेर लॉटरीची टपरी होती. आमच्याकडे कर्नाटकात लॉटरी बंद. उमरग्यात महाराष्ट्र लागतो आणि लॉटरीही लागते. अक्का सोडायला आली होती. म्हणाली, "घे की एक. कुणाला इचारायचंय?"

मी गावच्या शाळेत बिसिऊट शिजवते, म्हणजे पोरांचं दुपारचं जेवण. त्या पगारातले पैसे जवळ होते. घेतलं.

गाडीत खिडकी मिळाली आणि बक्षीस लागलंच असं धरून मी बसले. बसवकल्याणात एक खोली भाड्याने घ्यायची. महिनाभरच. दाराला आतून कडी. सकाळी जाग आली तरी उठायचं नाही. जेवण खानावळीचं: दुसऱ्या कुणीतरी थापलेली भाकरी, दुसऱ्या कुणीतरी घातलेलं मीठ. मीठ जास्त झालं तर नावं मी ठेवायची. एकवीस वर्षं मी शाळेत भात आणि घरी भाकरी करते. मला पळून जायचं नव्हतं, सोनं नको होतं. महिना संपला की मी परत येणारच होते.

घरी येऊन तिकीट दाखवलं, ही माझी चूक. नवरा हुमनाबादला कारखान्यात शिफ्टला जातो, त्या दिवशी घरीच होता. धाकट्या दिराचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने तिकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हायवेला जागा घिऊ, अण्णा. ढाबा टाकू. लॉरीवाले थांबतेत तिथं."

"आदी ट्रॅक्टर," नवरा म्हणाला.

"ट्रॅक्टर काय करायलास? सगळे भाड्यानंच आणायलेत."

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, देवळात फरशी बसवायची होती. तिसऱ्या दिवसापर्यंत दोघं भाऊ ढाब्याच्या हिश्शावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. मी दोघांना वेगवेगळं वाढत होते. शेवटी न राहवून म्हटलं, "मला कुणी इचारलंच न्हाई."

नवऱ्याला खरंच नवल वाटलं. त्याचं मला जास्त लागलं. म्हणाला, "तुला काय करायचेत पैसे? तुला काय कमी हाय?"

मी खोलीचं सांगितलं. दीर हसला. 

"घर असताना खोली कामून पायजे?" नवरा म्हणाला. "लोक काय म्हनतील? मी मेलाव का?"

न लागलेल्या पैशांतला ट्रॅक्टर चालत होता, न लागलेल्या पैशांतला ढाबा चालत होता. माझी खोली तेवढी लोकांना दिसली.

दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यात ठेवलेलं तिकीट सहज हातात घेतलं. मागच्या बाजूला नाव, पत्ता आणि सहीची जागा असते. तिथे नवऱ्याचं नाव होतं. निळ्या पेनाने, ठळक, खाली सही.

नवरा तोंड धूत होता. मी तिकीट तसंच पुढे धरलं. "हे काय?"

"घरच्या कर्त्याचं नाव लागतंय," तो टॉवेल घेत म्हणाला. "बँकेतलं तुला काय कळतंय?"

मला! शाळेत रोज तांदूळ किती, डाळ किती, पोरं किती हे कन्नडमध्ये लिहून मी सही करते. यांचा बँकेतला फॉर्म गेली कित्येक वर्षं मी भरते. हे नुसती सही करतात आणि तीही मी बोट ठेवते तिथे. मी हे सगळं शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने म्हणाले. मग त्याच्यासमोरच त्याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि खाली माझं नाव लिहिलं.

"खाडाखोड केलीस! बाद झालं की तिकीट!" तो ओरडला. भावाशी अबोला होता, तरी धावत त्याच्या दुकानात गेला. खाडाखोड चालते का, हे दिवसभर दोघं फोन करकरून विचारत होते. तेवढ्यावर त्यांचा समेट झाला.

त्या संध्याकाळी मी डाळ निवडत होते. आत्याबाई येऊन शेजारी बसल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्या हळूच म्हणाल्या, "त्या खोलीत दोन बाजा मावतील का?"

"मावतील की."

"मग खालची बघ. मला जिना चढवंना."

निकाल दिराने मोबाईलवर पाहिला. शेवटचा आकडासुद्धा जुळला नव्हता. "वैनी, तुमचं तिकीट गेलं," तो म्हणाला. नवरा पाठोपाठ म्हणाला, "तुझ्या तिकिटापायी घरात भांडणं झाली."

तुमचं. तुझं. दहा-बारा दिवसांनी ते तिकीट माझं झालं होतं.

पुढच्या पगाराला शाळेत दोन दिवसांची रजा टाकली, जोडीदारणीला स्वयंपाक सांभाळायला सांगितलं आणि आत्याबाईंना घेऊन बसवकल्याण गाठलं. लॉजमध्ये तळमजल्यावरची खोली मिळाली. आत्याबाई पहिल्या दिवशी सकाळी उठून केरसुणी शोधायला लागल्या, त्यांना हाताला धरून परत निजवलं. खानावळीची भाकरी त्यांना जाड वाटली. दोन्ही दिवस त्यांनी तिला पोटभर नावं ठेवली आणि पोटभर खाल्ली.

परत आलो तर दारातच शेजारीण भेटली. "मावशी, डोळ्याचं काय म्हनलं डाक्टरनं?"

आम्हाला काही कळेना. आत नवरा खाकरला. तेव्हा उलगडा झाला. बायको आणि आई दोन दिवस विसाव्याला गेल्या, हे सांगायची लाज वाटली म्हणून त्याने गल्लीभर सांगितलं होतं, की आईला डोळे दाखवायला नेलंय.

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या, "डोळ्याला काय झालंय माझ्या? आमी लॉजवर ऱ्हाऊन आलाव. आयतं खाऊन."

नवरा दोन दिवस बोलला नाही. मीही बोलले नाही. त्याचा राग दोन दिवसांचा होता. माझा बराच जुना होता, आणि तो अजून गेलेला नाही.