सोल्यूशन न लावलेली टोपी

काटा दहावर टेकला आणि हळूहळू मागे यायला लागला. रानडे मॅडम माझ्या खांद्यावरून गेजकडे बघत होत्या.

"सुभाषराव, हा उतरतोय."

"दिसतंय, मॅडम."

पुण्यातल्या एका बारा मजली इमारतीचा सॅम्पल फ्लॅट होता तो. बिल्डर आधी एकच फ्लॅट पूर्ण करून बघतो. तो पसंत पडला तर बाकीचं काम तसंच पुढे जातं. रानडे मॅडम तिथल्या साइट इंजिनिअर. भिंतीत पाइप टाकून झाले की टाइल लावण्याआधी त्यांचं टेस्टिंग करतात. नळांचे सगळे पॉइंट प्लगने बंद करायचे, पाइपात पाणी भरायचं आणि हातपंपाने दाब द्यायचा. गेजचा काटा जागचा हलला नाही तर काम पास. हलला तर कुठेतरी गळती आहे. ती टाइल लावण्याआधी सापडली तर कामगाराचा दोष, नंतर सापडली तर मालकाचा खर्च.

टेस्टिंग पास झालं तर शेजारची इमारतही आम्हालाच मिळणार होती. म्हणजे आणखी दोन वर्षांचं काम.

आम्ही म्हणजे मी आणि बापू. बापू माझा थोरला चुलतभाऊ. गाव तासगावजवळ. मी आयटीआय करून कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये होतो. ते बंद पडलं तेव्हा बापूच्या मोटारसायकलवरून दोघे पुण्याला आलो. सोबत एक पाइप पाना आणि दोन जेवणाचे डबे. पुण्यात गाळ्याचं भाडं ऐकून आम्ही दुकानाचा विचार त्याच दिवशी सोडला, तो आजतागायत. सामान कॉटखाली ठेवायचं आणि लोकांच्या घरी जाऊन काम करायचं. आधी गळके नळ, तुंबलेली बेसिनं. एका सोसायटीच्या वॉचमनने दुसऱ्या सोसायटीत नाव सांगितलं. मग अख्खे फ्लॅट, मग बिल्डर. आम्हा दोघांना धरून चौदा माणसं झाली, सगळी आमच्याच भागातली. पाच वर्षं काढू, गाठीला काही बांधू आणि परत जाऊ, असं ठरलं होतं. त्याला सोळा वर्षं झाली होती.

आमच्या करारात एक अट असते, ती दुसऱ्या कुठल्या प्लंबरच्या करारात मी पाहिलेली नाही. ऑक्टोबर छाटणीला काम बंद. आमच्या प्रत्येक माणसाच्या घरी द्राक्षबाग आहे. पावसाळा सरला की वेलीच्या काड्या छाटतात, फुटण्यासाठी राखलेल्या डोळ्यांना पेस्ट लावतात. वर्षाचं पीक त्यावर ठरतं आणि त्या दिवसांत बाहेरचा मजूर मिळत नाही. मेव्हण्याच्या लग्नाची सुट्टी मी नाकारू शकतो. छाटणीची नाही.

रानडे मॅडम करार वाचताना हसल्या होत्या. "द्राक्षांसाठी बिल्डिंग थांबवायची?"

"माणसं तशीही जाणारच, मॅडम. कागदावर असलं तर परवानगीने गेल्यासारखं दिसतं."

त्या वर्षी छाटणी तोंडावर आली होती. टेस्टिंगच्या आदल्या रविवारी बापू घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "सुभ्या, औंदा गेलो की मी परत येत न्हाई. तू बी चल. तासगावात ठिबकचं दुकान टाकू, दोघं मिळून."

"आणि दुसरी बिल्डिंग?"

"ती मिळाली तर तू ऱ्हातोस. म्हाईत हाय मला."

माझी बायको आतून म्हणाली, "बापू, ह्यांना नुसतं इचारू नका. उचलून न्या."

म्हणून खरं ते सांगतो. काटा उतरताना पाहिला आणि क्षणभर मला बरं वाटलं. काम गेलं तर जायचं ठरवावं लागणार नव्हतं, ते आपोआपच ठरलं असतं. सकाळी बागेत जायचं, बापूबरोबर न्याहारी करायची. एवढं सगळं त्या एका काट्यामागे मला दिसून गेलं.

पण गळती आहे म्हटल्यावर प्लंबरला स्वस्थ बसवत नाही. मी कोरडं फडकं घेऊन एकेक जोड पुसत गेलो. बाथरूम कोरडं. किचन कोरडं. शेवटी डक्टमध्ये, म्हणजे बाथरूममागच्या उभ्या पोकळीत, फडकं ओलं झालं. पुढेमागे फिल्टर बसवायचा तर उपयोगी पडावा म्हणून तिथे पाइपाचं एक टोक जादा ठेवलं होतं. त्यावर बंद टोपी होती. अशी टोपी सोल्यूशन लावून बसवतात. सोल्यूशनने टोपी आणि पाइप एकजीव होतात. ही नुसती दाबून बसवलेली होती. पुढे भिंतीची वीट असल्यामुळे ती उडाली नव्हती, पाझरत होती.

त्या भिंतीतलं पाइपाचं काम बापूने केलं होतं. मी त्याला हाक मारली. त्याने टोपीवर बोट फिरवलं.

"सोल्यूशन न्हाई लावलं?" मी विचारलं.

"न्हाई."

"आवं बापू, ही बाथरूम हाय. बाग न्हाई."

ठिबकच्या पाइपात शेवटची टोपी मुद्दाम कोरडी बसवतात. गाळ साठला की ती हाताने काढायची, पाणी सोडायचं, गढूळ निघून जातं. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

बापू उलट्या बादलीवर बसला. "मला कळलंबी न्हाई रं. हात आपसूक तसाच गेला."

मागून आमचा दिलीप म्हणाला, "बापू, आता ह्यातनं खतबी सोडा. शॉवरला घड लागत्याल."

सगळे हसले. बापूही हसला, पण जरा उशिरा.

मी टोपी काढली, नवी सोल्यूशन लावून बसवली, एक दिवस वाळू दिली. पुन्हा दाब दिला. सकाळी काटा दहावरच होता. मॅडमनी काचेवर नखाने टकटक केली.

"पास. दुसऱ्या बिल्डिंगचं ड्रॉइंग पाठवते."

बापूने पाइप पाना पुसला आणि माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे तुलाच. तिकडं ह्याचं काम न्हाई."

छाटणीला सगळे गेले. तेरा जण परत आले.

बापूने दुकान एकट्यानेच टाकलं, बरं चालतं. माझी दुसरी इमारत झाली, तिसरी चालू आहे. छाटणीला मी दोन दिवस का होईना जातो. साताऱ्याला चहाला थांबलो की माझी भाषा बदलते, असं बायको म्हणते. गेल्या खेपेला बापूच्या बागेत पोहोचलो तर तो ठिबकचा फुटलेला पाइप बदलत होता. मी म्हटलं, "सरका, धंदा माझा हाय." तुकडा कापला, जोडला, शेवटची टोपी बसवून उठलो.

संध्याकाळी बापू पाइप धुवायला गेला. टोपी फिरवली, ओढली. मग माझ्याकडे बघितलं.

"सुभ्या, सोल्यूशन लावलंस व्हय रं?"

माझ्या बोटांना अजून त्याचा वास येत होता. लावल्याचं मात्र आठवत नव्हतं.

सोल्यूशनने बसवलेली टोपी पुन्हा निघत नाही, पाइपासकट कापावी लागते. बापू करवत आणायला गेला.